मांडवीचा त्रिभुज प्रदेश कुठे आहे? नदी उगमापासून मुखापर्यंत जमीन कशी घडवते

फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. पुस्तकात नदीची युवावस्था, प्रौढावस्था आणि वृद्धावस्था दिलेली असते, ती मांडवीवर मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल का? गोदावरी-कृष्णेसारखा मांडवीला त्रिभुज प्रदेश का नाही? आणि मुलांना न्यायचं तर कुठे आणि कधी?

गोव्यातल्या नद्यांचं पाणी आणि गाळ मोजण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. मुख्य मुद्दा आधीच सांगतो. आपल्या नद्या दोन बाजूंनी काम करतात. वरून चार महिने पावसाचं पाणी येतं आणि खालून वर्षभर, रोज दोनदा, भरती चढते. पुस्तकातले टप्पे लांब, संथ, मैदानी नद्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. मांडवीवर पहिला टप्पा ठसठशीत मिळतो, दुसरा घाईघाईत उरकलेला दिसतो आणि तिसऱ्याच्या जागी खाडी आणि खाजन (खाडीकाठी बांध घालून राखलेली सखल शेतजमीन) भेटतं. त्रिभुज प्रदेशाचं उत्तर त्या खाजनातच आहे.

मांडवीला वरच्या भागात म्हादई म्हणतात. उगम कर्नाटकात, खानापूर तालुक्यातल्या देगावच्या परिसरात, सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथून पणजीपर्यंत लांबी साधारण ८० किलोमीटर. उन्हाळ्यात भरतीचा परिणाम मुखापासून जवळजवळ ५० किलोमीटर आत, गांज्यापर्यंत जाणवतो. भरती तिथवर पोचते याचाच अर्थ तिथवर नदीचा तळ समुद्रपातळीच्या आसपास आहे. म्हणजे घाटमाथ्यापासूनचा जवळपास सगळा उतार नदीने वरच्या ३० किलोमीटरांत संपवलेला असतो. मुलांना नदीचा उभा छेद आलेखावर काढायला लावा. आधी कडा, मग थोडा उतार, मग पणजीपर्यंत जवळजवळ आडवी रेघ. या एका आकृतीत गोव्याचा निम्मा भूगोल आहे.

आता वरचा भाग. नदी डोंगर खोदते म्हणजे फक्त तळ खोल करते असं मुलांना वाटतं. सह्याद्रीत त्याहून महत्त्वाचं काम चालू आहे ते मागे सरकण्याचं. धबधब्याच्या पायथ्याशी पाणी आदळून कोंड तयार होते, आत फिरणारे दगडगोटे कड्याचा पाया पोखरतात, वरचा खडक फटींमधून सुटतो आणि एखाद्या पावसाळ्यात कोसळतो. कड्याची कड उगमाच्या दिशेने थोडी आत जाते. याला शीर्षाभिमुख क्षरण म्हणतात. दूधसागर हे याचं सर्वांत भव्य उदाहरण. उंची सुमारे ३१० मीटर, पाणी चार टप्प्यांत उतरतं. हे टप्पे म्हणजे खडकातला फरक. जिथे खडक एकसंध तिथे कडा टिकतो, जिथे भेगा जास्त तिथे पायरी पडते. त्या पाण्याची नदी पुढे कुळ्यावरून आणि खांडेपारवरून मांडवीला मिळते. या पट्ट्यातले खडक फार जुने आहेत. अनमोड घाटातल्या पट्टिताश्माचं (नीस या पट्टेदार खडकाचं) वय तीनशे कोटी वर्षांच्या पुढचं आहे. सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यात, चोर्ला-सुर्ल्याकडे, त्या मानाने कालपरवाचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा काळा पाषाण माथ्यावर येतो. पाणी दोघांनाही कापतं, पण काळ्या पाषाणात आडव्या थरांच्या पायऱ्या दिसतात आणि खाली दक्षिणेकडे डोंगरांच्या सोंडा गोलसर होतात.

इथे थोडं थांबायला हवं, कारण गोवा आणि कर्नाटक यांच्यातला म्हादईच्या पाण्याचा जो वाद आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो त्याचं भूरूपशास्त्रही इथेच आहे. मलप्रभेचा उगम त्याच खानापूर तालुक्यात, कणकुंबीला. उंची सुमारे ७९२ मीटर. ती पूर्वेला जाते, ३०० किलोमीटरांहून थोडी जास्त वाहते आणि कुडलसंगमला ४८८ मीटर उंचीवर कृष्णेला मिळते. म्हणजे किलोमीटरला जेमतेम एक मीटर उतार. म्हादई त्याच माथ्यावरून निघून ८० किलोमीटरांत थेट समुद्रपातळीला येते. एकाच पठाराच्या दोन बाजूंना असलेल्या दोन नद्यांपैकी एकीचा उतार दुसरीच्या आठ-दहा पट असेल, तर माथा कोण जास्त वेगाने कुरतडणार हे उघड आहे. पश्चिमवाहिनी नद्या लाखो वर्षांच्या हिशेबात जलविभाजक, म्हणजे दोन खोऱ्यांमधला माथा, पूर्वेकडे ढकलत आल्या आहेत. पूर्वेला जाणारे काही ओहोळ त्यांनी आपल्याकडे वळवून घेतले की पुस्तकाच्या भाषेत ते नदीचौर्य. कळसा, भांडुरा हे नाले आज म्हादईच्या खोऱ्यात आहेत ते याच उताराच्या गणितामुळे. त्यांचं पाणी बांध आणि कालव्यांनी मलप्रभेकडे नेणं म्हणजे निसर्गाचा उतार उलटा फिरवणं. म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला, त्यात गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं. हे आकडे पाण्याचे आहेत. पाण्याबरोबर येणाऱ्या गाळाचा आणि उन्हाळ्यात खारं पाणी मागे रेटणाऱ्या गोड्या प्रवाहाचा हिशेब असा टीएमसीत मांडता येत नाही. खालच्या पन्नास किलोमीटरांची जमीन तर त्यावरच उभी आहे. माझी काळजी तिथे आहे.

घाट उतरल्यावर सत्तरीत नदी थोडी मोकळी होते. उस्ते ते सोनाळ हा पट्टा पावसाळ्यात राफ्टिंगसाठी वापरतात, यावरूनच तिथे अजून उतार आणि खळाळ आहे हे कळावं. मुलांना मात्र तिथे पावसाळ्यानंतर न्या, नोव्हेंबर-डिसेंबरात, नदी खाली बसल्यावर. पात्रात गोट्यांचे पट्टे उघडे पडलेले असतात. ते नुसते पसरलेले गोटे नसतात. चपटे दगड नीट पाहिले तर ते एकमेकांवर मंगळुरी कौलांसारखे कलून बसलेले दिसतात आणि प्रत्येकाचा उतार उगमाच्या दिशेला असतो. पुराच्या पाण्याने दगड ढकलत आणला, पुढच्या दगडाला टेकवला आणि पाणी ज्या बाजूने येत होतं तिकडे चपटी बाजू ठेवून बसवला. अशा रीतीने टेकलेला दगड सहज उलटत नाही, म्हणून तोच टिकतो. कोरड्या पात्रात उभं राहून नदी कुठल्या बाजूला वाहते हे या दगडांवरून सांगता येतं. मुलांना आधी काही न सांगता ओळखायला लावा. दोन-चार जणं तरी शोधून काढतात, आणि जे स्वतः शोधलं ते परीक्षेनंतरही विसरत नाही.

त्याच जागी दुसरा प्रश्न विचारा. हा एवढा धोंडा इथे कसा आला? डिसेंबरात गुडघाभर पाणी वाहत असतं, त्यात मुठीएवढा गोटाही हलत नाही. उत्तर असं की पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते ज्या वजनाचा दगड ढकलू शकतं ते वजन ढोबळमानाने ६४ पट होतं. वेग तिप्पट झाला तर सातशेपटीच्या वर. म्हणून नदीचं खरं काम वर्षभर समान वाटलेलं नसतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटमाथ्यावर त्याहून पुष्कळ जास्त, आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास जून ते सप्टेंबरात. त्या चार महिन्यांतही मोजके दिवस असे येतात की नदी वर्षभराचं काम त्यांत करून टाकते. २३ जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोली, धारबांदोडा, फोंडा या तालुक्यांनी ते पाहिलं. त्या पुरानंतर काठ तुटले, झाडं वाहून गेली, गोट्यांचे पट्टे जागा बदलून बसले. पाण्याखाली घरं गेली त्यांचं दुःख मोठं आहेच, आणि नदीचं पात्र कुठवर आहे हेही त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. पुराची पातळी हीच नदीची खरी रुंदी, हे बांधकामाचे परवाने देताना लक्षात ठेवलं तर पुष्कळ नुकसान टळेल.

प्रौढावस्थेच्या खुणा इथूनच गुळेली-गांज्यापर्यंत तुटक तुटक मिळतात. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाणी आपटतं, काठ उभा तुटलेला असतो. आतल्या काठावर वेग कमी, तिथे वाळू साचते. थोडी पूरमैदानं आहेत आणि माणसांनी ती फार हुशारीने वापरली आहेत. सत्तरीत पुरण शेती करत आले आहेत ते याच जमिनीवर. पावसाळा सरला की पात्रालगतच्या पट्टीत दगडांचे बांध घालायचे, गाळ अडवायचा, नदीचं पाणी फिरवायचं आणि भात लावायचं. पुढच्या पावसाळ्यात नदी ते मोडते आणि नवा गाळ आणते. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे ओहोळ उतरून माती टाकतात, तिथे कुळागरं आहेत. पोफळी, नारळ, केळी, मिरवेल आणि त्यांतून फिरवलेले पाट. कुळागराची जागा निवडणाऱ्याला पायथ्याचा गाळ आणि बारमाही झरा या दोन गोष्टी नेमक्या कळलेल्या होत्या.

झऱ्यांचा विषय निघाला म्हणून सड्यांबद्दल. गोव्याचा मधला भाग जांभ्याच्या सपाट सड्यांनी भरलेला आहे. पावसात आणि उन्हात खडक लाखो वर्षं कुजत राहिला, त्यातली सिलिका विरघळून गेली आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. पूर्वी सलग असलेल्या या टोपीला नद्यांनी कापून तिचे तुकडे केले. आज दोन नद्यांच्या मध्ये जो सपाट माथा दिसतो तो त्या कापाकापीतून उरलेला. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी आत मुरतं आणि सड्याच्या कडेला खाली झरीतून निघतं. मार्च-एप्रिलात ओहोळ वाहते राहतात ते या मुरलेल्या पाण्यावर. सड्यावर फरसबंदी केली की खालची झरी आटते, हे मी वेगवेगळ्या गावांत पाहिलं आहे.

बाई, नालाकृती सरोवर मात्र मांडवीवर शोधू नका. त्यासाठी नदीला दोन्ही बाजूंना रुंद, मऊ मैदान लागतं, म्हणजे वळण वाढत वाढत शेवटी तुटतं. आपल्या नद्या टेकड्यांच्या मधून वाहतात, त्यांना हातपाय पसरायला जागा नाही. कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीची खोदचित्रं आहेत: बैल, हरणं, वर्तुळाकार चक्रव्यूह. ती नदीकाठच्या कातळावर कोरली गेली आणि नदी आजही त्यांच्या शेजारून वाहते. गंगेच्या मैदानात एवढ्या काळात नदी कित्येक किलोमीटर सरकली असती. सांगे तालुक्यात सहल गेली तर हे दाखवा. इतिहासाच्या शिक्षकांनाही बरोबर न्या.

आता त्रिभुज प्रदेश. मुलांना पाठ असलेलं उत्तर असं: पश्चिमवाहिनी नद्या वेगाने वाहतात, म्हणून गाळ साचत नाही, म्हणून त्रिभुज प्रदेश नाही. हे उत्तर मला अपुरं वाटतं आणि ते मुलांकडून घोकून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वेग घाटात असतो. शेवटचे पन्नास किलोमीटर मांडवी आडवी आहे, उन्हाळ्यात तर ती भरतीबरोबर उलटी वाहते. मग एवढ्या संथ पाण्यात गाळ साचणार नाही का? साचतो. भरपूर साचतो. फक्त तो समुद्रात पुढे सरकत नाही, आतच राहतो.

कारण वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात आहे. तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि किनारा आजच्या पुळणींपासून कित्येक किलोमीटर पश्चिमेला होता. मांडवी, जुवारी त्या खालच्या समुद्राला गाठण्यासाठी खोल दऱ्या कापत गेल्या. मग बर्फ वितळला, समुद्र चढला आणि साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ आला. त्या दऱ्या बुडाल्या. आज आपण जिला मांडवीची खाडी म्हणतो ती बुडालेली दरी आहे. मुखाशी तिची रुंदी तीन किलोमीटरांच्या घरात आणि आत जाता जाता ती काही शे मीटर होते. चोडण, दिवाडी ही बेटं नकाशावर पाहा. त्यांच्या मधोमध जांभ्याचा उंचवटा आहे, गाव आणि चर्च-देऊळ तिथे. भोवती सपाट ओली जमीन. उंचवटा म्हणजे बुडालेल्या दरीतून वर राहिलेली टेकडी आणि सपाट जमीन म्हणजे नदी-भरतीने तिच्याभोवती टाकलेला चिखल.

त्रिभुज प्रदेश समुद्रात वाढायला आधी ही दरी गाळाने काठोकाठ भरावी लागते. गोदावरीचं पाणलोट क्षेत्र तीन लाख चौरस किलोमीटरांच्या वर आहे, मांडवीचं दोन हजारांच्या आसपास. एवढ्याशा खोऱ्यातून येणारा गाळ दरी भरायलाच पुरा पडलेला नाही. जो मुखापर्यंत पोचतो त्याला पावसाळी लाटा आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह पसरवून टाकतात. तेव्हा मांडवीचा त्रिभुज प्रदेश आहे, तो बाहेर समुद्रात न जाता दरीच्या आत, तिसवाडी-बार्देश-डिचोलीच्या खाजनात घडतो आहे. मी असं लिहिलेलं उत्तर तपासत असतो तर पूर्ण गुण दिले असते.

हा चिखल बसतो कसा ते वर्गात दाखवता येतं. पावसाळ्यात खांडेपारचं किंवा जवळच्या कुठल्याही ओहोळाचं गढूळ, तांबडं पाणी आणा. दोन सारख्या काचेच्या बरण्यांत ओता. एकीत मूठभर मीठ टाकून ढवळा, दुसरी तशीच ढवळा. साध्या पाण्याची बरणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असते, कारण चिकणमातीचे कण इतके बारीक की ते एकेकटे खाली बसत नाहीत. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. मिठाच्या पाण्यात तो भार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गुठळे दिसू लागतात आणि तास-दोन तासांत तळाशी तांबडा थर जमतो. खाडीत गोडं पाणी खाऱ्याला भेटतं तिथे हेच होतं. जून-जुलैत पूर जोरात असतो तेव्हा ही भेट मुखाजवळ होते, मे महिन्यात खारं पाणी चाळीस किलोमीटरांच्या पुढे आत जातं. म्हणजे गाळ बसण्याची जागा ऋतूप्रमाणे वर-खाली सरकते आणि सगळी खाडी थोडीथोडी भरते.

भरतीबद्दल एक बारकावा. मांडवीच्या मुखाशी उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, वेळी भरती-ओहोटीतला फरक सव्वादोन मीटरांच्या आसपास जातो. आत जाताना घर्षणामुळे तो कमी व्हायला हवा. पण पात्र आत अरुंद होत जातं, त्यामुळे पाणी दाटतं आणि घर्षणाने गेलेली उंची भरून निघते. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजमाप घेऊन हे दाखवलं आहे. भरतीची उंची चाळीसेक किलोमीटर जवळपास तशीच राहते, आणि पुढे तळ चढू लागला की झपाट्याने संपते. आमोण्याच्या काठावर उभं राहून समुद्र दिसत नाही, पण बांधाला पाणी मुखाइतकंच चढतं.

आणि म्हणूनच बांध. गोव्यात खाजन जमीन सुमारे १८ हजार हेक्टर मानली जाते. ही जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. खारफुटीने भरलेल्या चिखलपट्ट्यांना चिकणमाती, पेंढा आणि जांभ्याचे दगड वापरून बांध घातले, बांधात मानस (पाणी अडवणारं-सोडणारं दार) बसवली, मानशीला लागून पोंय (खोलगट तळं) ठेवली. मानशीची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. दार लाकडी, असं टांगलेलं की भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा ते स्वतःच मिटतं, आणि ओहोटीला आतलं पाणी उंच झालं की ते बाहेर ढकलून उघडतं. रात्री-अपरात्री कुणी जाऊन उघडझाप करावी लागत नाही. दाराच्या तोंडाशी जाळं लावून मासळी धरतात आणि त्या मासळीचा लिलाव होतो. आत क्षार सोसणारं कोर्गुट भात. बांधाबाहेर खारफुटी राखायची, कारण ती लाटेचा मार घेते. हे सगळं गावकारीने, म्हणजे गावाच्या सामूहिक संस्थेने, चालवलं, दुरुस्तीचा खर्च वाटून घेतला, म्हणून शतकानुशतकं टिकलं.

भूरूपाच्या दृष्टीने यात एक किंमतही आहे आणि ती मुलांना सांगावी. बांध घातला की भरतीबरोबरचा नवा चिखल शेतावर येत नाही. बाहेर खारफुटीची जमीन दर वर्षी थोडी उंचावते, आतलं शेत तिथेच राहतं, उलट सुकून दबतं. सुगीनंतर काही ठिकाणी खारं पाणी आत घेऊन मासळी करतात, त्याबरोबर थोडा गाळही येतो. तरीही बांध जितका जुना तितकं आतलं शेत बाहेरच्या पाण्याच्या मानाने खोल. म्हणून एकदा बांध फुटला आणि गावाने तो वेळेवर बांधला नाही तर दोन-चार वर्षांत तिथे खारफुटी उगवते आणि शेत परत मिळणं अवघड होतं. समुद्राची पातळी वाढत असताना बांधांची देखभाल ढिली पडणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. पणजी शहराचा खालचा भाग अशाच भरावाच्या जमिनीवर आहे. मुसळधार पाऊस आणि उधाण एका वेळी आलं की पाणी निचरायला वाटच नसते.

मुखाशी सत्ता लाटांची. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून लाटा येतात आणि आग्वादच्या उपसागरात वाळूची पट्टी तयार करतात. लोहखनिजाच्या बार्ज चालायच्या त्या काळात पावसाळ्यात मांडवीचं मुख ओलांडणं धोक्याचं म्हणून त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत जात आणि मुरगावला पोचत. शापोऱ्याच्या मुखाशी मोरजीला वाळूचा दांडा उत्तरेच्या काठावरून पुढे आलेला आहे, त्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. साळ नदी तर फारच बोलकी. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही मधल्या वाळूच्या टेकड्या तिला पश्चिमेला जाऊ देत नाहीत. ती किनाऱ्याला समांतर दक्षिणेला वाहत राहते आणि मोबोरच्या दांड्याला वळसा घालून बेतूलच्या खडकाशी बाहेर पडते. नदी किनारा घडवते असं आपण म्हणतो. साळीच्या बाबतीत किनाऱ्याने नदी घडवली.

गाळ वाढला तर बंदरं निकामी होतात. कदंबांची राजधानी जुवारीकाठच्या गोपकपट्टणला होती. जुवारीत गाळ साचत गेल्याने ते बंदर मागे पडलं असं बरेच अभ्यासक मानतात, आणि व्यापार मांडवीकाठी एळ्याला, आजच्या जुन्या गोव्याला सरकला.

माणसाचा हात आता नदीच्या हाताइतकाच मोठा आहे. खाणींच्या डंपांवरून (टाकाऊ मातीच्या ढिगांवरून) पावसात उतरलेली माती डिचोली-सांगे भागातल्या ओहोळांत आणि शेतांत पसरली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तरी पात्रात बसलेला बारीक गाळ लगेच जात नाही. दुसरीकडे शापोरा, तेरेखोल, मांडवीच्या पात्रांतून रेती उपसली जाते. तळ खोल झाला की काठाचा पाया सुटतो आणि माडांसकट काठ आत कोसळतो. एका नदीत एकाच वेळी नको तो गाळ जास्त आणि हवी ती वाळू कमी, अशी अवस्था आहे. साळावली, अंजुणे यांसारखी धरणं वरची वाळू अडवतात, तिचा परिणाम किनाऱ्यापर्यंत पोचतो.

आता सहल. एका दिवसात उगम ते मुख करू नका, मुलं गाडीतच दमतात. दोन वेगळे दिवस ठेवा. पहिला नोव्हेंबरच्या मध्यानंतर: सकाळी कुळ्याला दूधसागर नदीचं गोट्यांचं पात्र, परतताना खांडेपारला थांबून गोट्यांचा आकार किती कमी झाला ते मोजा. प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून पन्नास गोटे उचलायचे, त्यांची लांबी फुटपट्टीने मोजायची, सरासरी काढायची. अभयारण्यात जायला परवानगी आधी काढा. दुसरा दिवस अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा घ्या, म्हणजे उधाण मिळेल. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी पाहा आणि दिवाडीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर ओहोटी लागायच्या अर्धा तास आधी पोचा. बांधावर एक मानस शोधा, गावातल्या माणसाला विचारून. दार मिटलेलं असताना आणि उघडल्यावर, दोन्ही वेळा आतल्या-बाहेरच्या पाण्याची पातळी काठीवर खूण करून लिहून घ्यायला सांगा. मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. कुंभारजुव्याच्या बाजूला मगरी आहेत, आणि ओहोटीचा चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो. शेवटी मिरामारला नेलंत तर दोन्ही ठिकाणची मूठभर वाळू पिशवीत ठेवा, कुळ्याची आणि मिरामारची, आणि शाळेत भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून कणांचा आकार, रंग आणि शिंपल्यांचा चुरा किती आहे ते लिहायला लावा.